फँटम बॉम्ब आणि मोहरीची फोडणी

निगडी प्राधिकरण,
वसुबारस

ती. अक्कास,

शालनचा वाकून नमस्कार (वाकले की उठायला कुणाचा तरी हात लागतो, म्हणून हा कागदावरच घे). तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचा खोकला गेला की अजून मुक्कामाला आहे? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे गेल्या रविवारच्या पोह्यांपर्यंत होतो. त्या पोह्यांबद्दलच लिहायला बसले आहे. तू म्हणशील, आजकाल पत्र कोण लिहितं? पण तुला फोन केला की तू ‘आँ?’ म्हणतेस, मग मी ओरडते, तरी तुला ऐकू येत नाही आणि आमच्या बिल्डिंगच्या चारही मजल्यांना मात्र स्पष्ट येतं. मोबाइलवर लिहून पाठवावं, तर ते तुझ्या सुनेच्या हातून तुझ्याकडे येतं (सून चांगलीच आहे, माझं काही म्हणणं नाही, पण तिच्या हातात पडलेली बातमी आधी तिच्या माहेरी जाऊन येते). शिवाय हा सगळा घोटाळा कानावाटेच झालेला आहे. आता त्याची हकिकत तरी डोळ्यांवाटे जाऊ दे. चष्मा लाव आणि देवघरात बसून वाच.

कौशल्याबाईंचा फोन तुला येऊन गेला असणार. त्या काय म्हणाल्या असतील ते मला इथं बसल्या बसल्या ऐकू येतंय. आपल्या प्राजक्तासाठी तू एवढं चांगलं स्थळ आणलंस आणि मी मुलाच्या आईला, चांगल्या जरीच्या लुगड्यात, जिन्यावरून पळायला लावलं, इथपर्यंत खरं आहे. मी त्यांच्या मुलाला अतिरेकी म्हणाले, हे खोटं आहे. मी तो शब्द उच्चारला नाही. फक्त मनात होता. आणि आमच्या स्वयंपाकघरात बोंबील शिजत होते, हे तर धडधडीत खोटं. त्या दिवशी गॅसवर पोह्यांखेरीज काहीही नव्हतं, आणि शेवटी तर पोहेही नव्हते.

आता मुळापासून सांगते. चांदभाई तुला आठवत असतील. यांच्याच कंपनीत मेंटेनन्सला होते. आता त्यांचं गॅरेज आहे आणि दिवाळीच्या तोंडावर आमच्या समोरच्या मैदानात ते फटाक्यांचा स्टॉल लावतात (परवाना, वाळूच्या लाल बादल्या, सगळं रीतसर). यंदा त्यांची बायको मुलीच्या बाळंतपणाला औरंगाबादकडे गेलीय, म्हणून दुपारचं मी स्टॉलवर बसते. हे म्हणाले, या वयात फटाके विकणार का? मी म्हटलं, या वयात दिवसभर तुमच्याकडे बघत बसण्यापेक्षा बरं. आणि खोटं कशाला सांगू अक्का, मी तिथं रमले. माल विकण्यापेक्षा मला त्यांची नावं सांगण्यात रस. गिऱ्हाईक नुसतं ‘मोठा आवाज द्या’ म्हणालं की मी त्याला खुर्ची देऊन बसवते.

आता सुतळी बॉम्ब घे. त्याला सुतळी का? तर आतल्या दारूला बाहेरून सुतळीनं गच्च आवळतात. जेवढी आवळ, तेवढा आवाज (आमच्याकडे तेहतीस वर्षं आवळून पाहिलं, आवाज काही आला नाही). लक्ष्मी बॉम्बच्या कागदावर लक्ष्मीचं चित्र असतं म्हणून तो लक्ष्मी. चांदभाईंचा दंडक असा, की देवीचा कागद आधी सोडवून घ्यायचा आणि मगच माल द्यायचा. ‘ताई, देव किसीका भी हो, त्याला काडी लावायची नाही,’ म्हणतात. त्यामुळे आमच्या फडताळात सध्या एवढ्या लक्ष्म्या जमल्या आहेत, की खरी आली तर तिला उभं राहायला जागा नाही. चॉकलेट बॉम्बला चॉकलेटच्या चांदीसारखा कागद असतो, एवढाच त्याचा चॉकलेटशी संबंध. एका आजींनी नातवासाठी म्हणून चावून पाहिला होता, म्हणून हे सांगून ठेवते. अ‍ॅटम बॉम्बचं तर आमच्या प्राजक्तानं सांगितलं, की अ‍ॅटम म्हणजे मुळात ग्रीक लोकांचा ‘ज्याचे तुकडे होत नाहीत तो’. आणि नेमके त्याचेच तुकडे करून पहिला बॉम्ब फोडला! म्हणजे नावाची काही लाज राखली का? ती असंही म्हणते, की बॉम्ब हा शब्दच त्यांच्या घुमण्याच्या आवाजावरून आलाय. मी म्हणते, ग्रीसला कशाला जायचं, आपली शिमग्याची बोंब काय कमी घुमते? ती म्हणते, आई, असं नसतं. मी म्हणते, असू दे.

संध्याकाळी स्टॉलवरून आले की टीव्हीवर खरे बॉम्ब. तिथंही मी नावंच ऐकते. एकाच्या पोटात शेकडो पिल्लं, तो क्लस्टर (म्हणजे आपली लवंगीची माळ). एक स्मार्ट बॉम्ब, तो स्वतः पत्ता शोधत जातो (आमचा सेक्टर शोधताना कुरिअरवाला तीनदा फोन करतो, त्याला हा दाखवायला हवा). ज्याला पत्ता सापडत नाही, वरून सोडला की सरळ खाली पडतो, तो डंब, म्हणजे मठ्ठ. मला त्याची जरा दया आली. मग बातम्या देणाऱ्या बाईंनी सांगितलं, की जपानवर टाकलेल्या त्या दोघांची नावं ‘लिटल बॉय’ आणि ‘फॅट मॅन’. म्हणजे बारक्या आणि जाड्या, अक्का! आपल्या आळीतल्या पोरांना हाक मारावी तशी. शहरंच्या शहरं जाळायच्या वस्तूला लाडाचं नाव कसं सुचत असेल गं? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वर आणखी, एका अगडबंब बॉम्बला ‘सगळ्या बॉम्बांची आई’ म्हणतात, हे ऐकल्यावर मी टीव्हीच बंद केला. आईचं नाव ठेवायला दुसरं काही मिळालं नाही का मेल्यांना? हे सगळं एवढ्यासाठी लिहिलं, की रविवारी बॉम्ब हा शब्द माझ्या कानात आधीच भरून बसलेला होता. मी काही अडाणीपणानं घाबरले नाही. अभ्यास करून घाबरले.

तर रविवार. प्राजक्तानं आधीची स्थळं कशी मोडीत काढली ते तुला माहीत आहे. एकाला हसताना दात दिसत नाहीत म्हणून नको म्हणाली. पण तू हा सयाजीचा नंबर दिलास, आणि त्या दिवसापासून ती फोन घेऊन गच्चीवर जायला लागली. एकदा मी विचारलं, काय बोलता एवढं? तर म्हणाली, आई, त्याला गंभीर तोंडानं विनोद करता येतात. रविवारी मी न सांगता तिनं साडी नेसली, माझ्याकडून वेणी माळून घेतली आणि आरशात दोनदा पाहिलं. अक्का, मला हे स्थळ फार फार हवं आहे. मुलगा चाकणला मोठ्या कंपनीत आहे म्हणून नाही. पोरीनं आरशात दोनदा पाहिलं म्हणून.

मंडळी कडूसहून निघाली आणि रीतीप्रमाणे चाकणच्या चौकात अडकली, त्यामुळे यायला दुपार झाली. सयाजी, त्याची आई कौशल्याबाई आणि त्याचे मामा. कौशल्याबाई गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, अगदी कडक. मामांच्या गळ्यात काही नाही, आणि त्यांना ऐकू जरा कमी येतं (तुझ्याइतकं नाही). हे त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत बसले आणि मी फोडणीला तेल ठेवलं. तेवढ्यात सयाजीला कंपनीतून फोन आला. आमच्या घरात रेंज फक्त स्वयंपाकघरामागच्या बाल्कनीत येते, म्हणून प्राजक्तानं त्याला तिथं पाठवलं. मध्ये फक्त जाळी. मी काही कान लावून ऐकत नव्हते (कढईजवळ उभी होते, आणि कढई जाळीजवळ आहे, त्याला मी काय करू).

पोरगा हळू आवाजात बोलत होता. ‘बॉम फुटला का?... अजून नाही? मग माझी वाट बघू नका, आजच फोडा. वरवर नको राव, शेवटच्या लेव्हलपर्यंत फोडा... तिथं फँटम बॉम कुणी टाकला?... हां, मग चाइल्ड उडवा. पेरेंट राहू दे, फक्त चाइल्ड उडवायचं... चाकणचा झाला की लगेच रांजणगावचा घ्या.’

अक्का! बॉम्ब चाकणला, बॉम्ब रांजणगावला, लेकरं उडवायची, आईबाप ठेवायचे, आणि हे सगळं माझ्या तुळशीच्या कुंडीशेजारी उभं राहून! एकीकडे वाटलं, याला आत्ता बाल्कनीत कोंडावं. दुसरीकडे वाटलं, प्राजक्तानं वेणी माळली आहे. तशातही डोकं जागेवर होतं. म्हटलं, आधी माल ओळखायला हवा. सुतळी कळते, लक्ष्मी कळते, हा फँटम कुठला? मी जाळीला चिकटून (तिथवर रेंज झिरपते) पदराआडून चांदभाईंना फोन लावला आणि कुजबुजत विचारलं. ते म्हणाले, फँटम? ऐसा माल तो इस साल आयाच नाही ताई, कुठं बघितला तुम्ही? मी म्हटलं, आमच्या बाल्कनीत आहे. त्यांचा आवाज बदलला. परवान्याशिवायचा माल घरात? केवढा आहे? मी जाळीतून सयाजीकडे नीट बघितलं आणि म्हटलं, पाच फूट दहा इंच असेल.

पलीकडे चांदभाईंनी बादल्या उचलल्याचा खडखडाट ऐकू आला. मग एकदम ओरडले, ‘ताई, पहिला गॅस बंद करा! मी आलोच!’

गॅस बंद करायला मी कॉक फिरवला, तो घाबरण्यात उलटा फिरला. जाळ भडकला. दुसऱ्या हातातली मोहरीची वाटी होती तशी कढईत गेली. तापलेल्या तेलात वाटीभर मोहरी म्हणजे काय, हे मी तुला सांगायला नको. ताडताड, फटाफट, भिंतीवर, कपाळावर, ब्लाउजमध्ये! धूर झाला. मी ओरडले. आता जी निघाली ती बॉम्ब होती की नुसती बोंब, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. माझ्या मते मी ‘बॉम्ब! बॉम्ब!’ म्हणत होते. पण बाहेर मामा खडबडून उठले आणि मोठ्या आशेनं म्हणाले, ‘काय, बोंबील? कुटं हायेत बोंबील?’

झालं. कौशल्याबाई ताडकन उभ्या. ‘माळकऱ्याला घरी बोलवून बोंबील तळत्यात? आमच्या गळ्यात माळ हाय बाई, माळ!’ म्हणत नाकाला पदर लावून त्या दाराबाहेर. खालून चांदभाई दोन हातांत दोन लाल बादल्या घेऊन ‘हटो, हटो, बॉम्ब आहे, खाली जावा!’ म्हणत वर. तेव्हा कुठं कौशल्याबाईंना कळलं, की प्रकरण बोंबलाच्या पुढचं आहे, आणि त्या पळाल्या. चांदभाई थेट स्वयंपाकघरात घुसले. एक बादली वाळू कढईत, आणि फँटम कुठं दिसेना म्हणून दुसरी भिजवलेल्या पोह्यांवर. मग सगळं एकदम शांत झालं. त्या शांततेत बाहेरून हे म्हणाले, ‘अगं, पोहे झाले का?’

सयाजी मोबाइल हातात धरून आत आला. मी झाऱ्या रोखून विचारलं, कुणाचं चाइल्ड उडवायला निघालास रे बाबा? तो आधी पांढरा पडला, मग वाळूकडे बघितलं, मग झाऱ्याकडे, आणि मग जो हसायला लागला तो ओट्याला धरून खालीच बसला. प्राजक्ताही हसत हसत त्याच्याशेजारी बसली, नेसलेल्या साडीचा विचार न करता. चांदभाई बिचारे ‘फँटम किधर है?’ विचारत राहिले.

मग त्यानं डोळे पुसून समजावलं. बॉम्ब नव्हे, बॉम. बिल ऑफ मटेरियलची ही आद्याक्षरं. म्हणजे एक वस्तू बनवायला काय काय लागतं त्याची यादी. मला यंत्रातलं कळेना, तेव्हा त्यानं माझ्या पोह्यांवरच सांगितलं (मला तिथंच तो आवडला). पोहे हा पेरेंट. कांदा, मिरची, शेंगदाणे ही त्याची चाइल्ड. पाहुण्याला शेंगदाणे चालत नसले, तर यादीतून ते चाइल्ड उडवायचं, पोहे राहू द्यायचे. बॉम फोडायचा म्हणजे बशीतल्या पोह्यांपासून मागं मागं जात चिमूटभर मिठापर्यंत पोचायचं, म्हणजे बाजारातून किती आणायचं ते कळतं. आणि फँटम? मी विचारलं. तर म्हणाला, ‘काकू, तुमची फोडणी हाच फँटम. ती वेगळी तयार होते, पण डब्यात भरून कुणी ठेवत नाही. झाली की लगेच ओतली. असून नसल्यासारखी.’

अक्का, मी आयुष्यभर फोडण्या घातल्या. आजवर तिच्याविषयी इतक्या मानानं बोलणारा पुरुष मला भेटला नव्हता. आमच्याकडे ‘आज जरा करपली’ यापलीकडे फोडणीवर भाषण झालेलं नाही. मी झाऱ्या खाली ठेवला. प्राजक्ता म्हणाली, ‘सयाजी, नीट बघून घे. सगळ्या बॉम्बांची आई म्हणतात ती हीच.’ या वेळी मात्र मला ते नाव लागलं नाही.

पण खाली कौशल्याबाई पार्किंगमध्ये उभ्या होत्या, त्या वर यायला तयार होईनात. शेवटी चपला घ्यायला तेवढ्या वर आल्या, दारातूनच एकदा वास घेतला, आणि ‘कळवतो’ म्हणून गेल्या. ‘कळवतो’ म्हणजे काय, हे मुलीच्या आईला सांगावं लागत नाही. संध्याकाळी प्राजक्ता आरशासमोर गेली. तिनं केसांतली वेणी काढली, पाणी शिंपडून डब्यात घातली आणि फ्रिजमध्ये ठेवली. टाकली नाही. मी ते बघितलं आणि ओट्यावरची वाळू भरता भरता रडले. माझ्या एका ऐकण्यापायी पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं, तर मी स्वतःला काय तोंड दाखवू?

म्हणून तुझ्या पाया पडते. कौशल्याबाई तुझा शब्द मानतात. त्यांच्याकडे जा आणि समोर बसून दोन गोष्टी सांग. एक, शालनला बॉम आणि बॉम्बमधला फरक आता कळला आहे. दुसरी, आणि हीच त्यांच्या मनात जास्त बसली आहे, की आमच्या घरात बोंबील नव्हते, नाहीत आणि कधी येणार नाहीत. देवावर हात ठेवून सांग. तुझ्या तोंडून गेलं की त्यांना पटेल.

दाजींना नमस्कार, नातवंडांना लवंगीच्या माळा वेगळ्या ठेवल्या आहेत.

तुझी धाकटी,
शालन

ता. क. दुसरी गोष्ट सांगताना देवावर हात ठेवू नकोस. नुसतंच सांग. चांदभाई बादल्या घेऊन आत घुसले, तेव्हा त्यांचा धक्का फडताळाला लागला आणि वरचा डबा खाली पडून उघडला. त्यात काय होतं ते तू ओळखलं असशील, तूच गेल्या वर्षी पाठवले होतेस. सगळ्या फरशीवर पसरले. चपला घ्यायला वर येणाऱ्या कौशल्याबाईंची पावलं जिन्यात वाजत होती. तर अक्का, सयाजीनं काही न विचारता सगळे बोंबील गोळा केले, डब्यासकट आपल्या लॅपटॉपच्या बॅगेत कोंबले आणि दारात उभ्या आईला गंभीर तोंडानं म्हणाला, ‘कायी न्हाई आई, कंपनीचं सॅम्पल हाय, रबराचं.’ वास त्याच्याच बॅगेचा होता. तो काल डबा परत करायला आला. घासून लख्ख, आणि रिकामा डबा परत देऊ नये म्हणून आत चांदभाईंच्या स्टॉलवरून घेतलेलं चॉकलेट बॉम्बचं पाकीट. प्राजक्ता त्याला काडी लावू देत नाही. फ्रिजमध्ये वेणीशेजारी ठेवलंय.

ता. क. दुसरा. बोंबील मात्र परत आले नाहीत. विचारलं तर म्हणाला, ‘काकू, मामा आणि मी मिळून बॉम शेवटच्या लेव्हलपर्यंत फोडला.’ तेव्हा भाऊबीजेला चिंचवडला दादाकडे येशील, तेव्हा तुमच्या राजगुरुनगरच्या बाजारातून अर्धा किलो घेऊन ये, लांब आणि कोरडे बघून. पिशवीत वर फटाक्यांचं खोकं ठेव. तोवर तुझ्या शब्दावर कौशल्याबाई इथं आलेल्या असल्या आणि त्यांनी विचारलंच, तर बेधडक सांग, बॉम्ब आहेत. बॉम्बला आता या घरात कुणी भीत नाही. फक्त एसटीत कुणी विचारलं, तर तेवढं खरं सांग.